हजेरीपटातील आडनावे

जून महिन्यात शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकाचे पहिले काम म्हणजे हजेरीपट लिहिणे. भिवंडीतील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी इतिहास शिकवते. गेली दहा-बारा वर्षे दर जूनमध्ये साठ-पासष्ट नावे माझ्या हाताखालून जातात. अन्सारी, अन्सारी, मोमीन, पुन्हा अन्सारी, मग शेख, खान, आणि अधूनमधून एखादा फकीह, खतीब, मुकादम किंवा ‘कर’ने संपणारे एखादे कोकणी आडनाव. वर्ष संपेपर्यंत यातील काही नावांपुढे लाल शाईने ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहावा लागतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हा शेरा कोणाच्या नावापुढे पडतो याकडे मी लक्षच दिले नव्हते. लक्ष देऊ लागले तेव्हा दिसले, की लाल शाई सगळ्या आडनावांवर सारखी पडत नाही. आणि मुला-मुलींवर तर मुळीच सारखी पडत नाही.

आपल्या समाजाच्या मागासलेपणाबद्दल बोलणारे दोन प्रकारचे लोक मला नेहमी भेटतात. बाहेरचे म्हणतात, “यांच्या धर्मातच शिक्षणाचे वावडे आहे.” आपले म्हणतात, “अपनी क़ौम ही ऐसी है.” एकजण दोष देतो आणि दुसरा कपाळाला हात लावतो, पण निदान दोघांचे एकच. माणसे अशी का वागतात? तर ती मुस्लिम आहेत म्हणून! हे निदान खरे असते, तर माझ्या हजेरीपटातील फकीह आणि अन्सारी यांचे नशीब सारखे असायला हवे होते. दोघांचा कलमा एक, कुराण एक, रमजान एक. आज तर शाळाही एक. तरीही दोन घरांतील मुलांचे पाय दोन वाटांना लागतात. याचे कारण धर्मात सापडत नाही. ते शोधायचे असेल तर या घरांत पैसा कसा आला, घरातील कोणाचे हात कोणत्या कामाला लागले आणि त्यातून कोणत्या सवयी रुजल्या, हे पाहावे लागेल. भिवंडीच्या या दोन समाजांचा इतिहास मी त्या दृष्टीने मांडणार आहे.

जमीन आणि समुद्र

कोकणी मुस्लिम या किनाऱ्यावर शतकानुशतके राहत आले आहेत. अरबी समुद्रातून व्यापारासाठी आलेले लोक आणि येथील स्थानिक माणसे यांच्या संबंधातून हा समाज घडला. माहीमचे थोर विद्वान मखदूम फकीह अली माहिमी (१३७२ ते १४३१) याच किनाऱ्यावरचे. कोकणी आडनावे वाचली तरी इतिहास कळतो. काझी, खतीब, फकीह ही धर्माच्या आणि न्यायाच्या कामाची नावे. नाखवा, सारंग, तांडेल ही जहाजावरची. खोत, देशमुख, मुकादम ही जमिनीची आणि वसुलीची. म्हणजे ज्या कामांत लिहिणे, मोजणे, हिशेब ठेवणे आवश्यक होते, ती कामे या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती.

भिवंडीचे कोकणी मुस्लिम प्रामुख्याने जमीनदार आणि भाताचे व्यापारी होते. शेतात राबणारी कुळे वेगळी होती. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कोकणी घरांना एवढी जमीन नव्हती, पण समुद्र होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटींची ये-जा वाढली आणि विलायती कंपन्यांना खलाशी हवे झाले. कोकणातील तरुण मुंबईच्या गोदीत आले व जहाजांवर चढले. काही आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपटाऊनपर्यंत गेले आणि तेथेच स्थायिक झाले. १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि पुढे कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा मुलूख’ हे नावच पडले.

मनीऑर्डरने येणाऱ्या पैशामुळे घराची एक विशिष्ट घडी बसते. पुरुष वर्षभर, कधी दोन-दोन वर्षे बाहेर. घर बाईच्या हाती. पैसे कधी आले, किती आले, किराणा दुकानदाराचे किती देणे आहे, कौले केव्हा बदलायची, हे सगळे तिलाच पाहावे लागते. माझ्या एका कोकणी सहकारी बाई सांगतात, की त्यांच्या आजीला अरबी वाचता येत होते, पण मराठी-उर्दू अक्षर लिहिता येत नव्हते. आजोबांचे पत्र आले की ती ते घेऊन मशिदीच्या पेशइमामांकडे जायची. घरातील खाजगी गोष्टी परक्याच्या तोंडून ऐकाव्या लागतात, याची तिला इतकी लाज वाटे की तिने आपल्या मुलीला हट्टाने शाळेत घातले. शिक्षणाच्या महत्त्वावर त्या आजीने एकही व्याख्यान ऐकले नव्हते. नवरा दूर आणि पत्र वाचायला कोणी नाही, एवढी परिस्थिती पुरेशी होती.

दुसरी गोष्ट अशी, की जहाजावरच्या कामात लहान मुलाचा काही उपयोग नसतो. बाप बोटीवर असताना दहा वर्षांचा मुलगा त्याला कोणतीही मदत करू शकत नाही. मग त्याला शाळेत पाठवण्यात घराचे काही नुकसान होत नाही. शिवाय ज्या खलाशाला चार अक्षरे येतात त्याला बरे काम मिळते, हे बाप डोळ्यांनी पाहून आलेला असतो. कोकणच्या खेडोपाडी जमातीने वर्गणी काढून शाळा चालवल्या, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याबरोबर नाखुदा मोहम्मद अली रोगे हे कोकणी व्यापारी होते. भिवंडीतही कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे रईस हायस्कूल स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक होऊ लागला. अनेक कोकणी घरांच्या जमिनी गेल्या. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण त्या घरांसाठी तो मोठा आघात होता. तेव्हा या घरांनी काय केले? काहींनी उरलेल्या जागेवर यंत्रमागाचे गाळे बांधून भाड्याने दिले. काहींनी मुलांना डॉक्टर, वकील, शिक्षक केले. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांची दारे उघडली, तेव्हा पासपोर्ट, करारपत्र, परदेशी नोकरी या गोष्टी कोकणी घराला नवीन नव्हत्या. आजोबा आगबोटीवर गेले होते, नातू विमानाने गेला. हातची जमीन गेली तरी सवयी शिल्लक होत्या आणि त्यांनीच या घरांना सावरले.

आग्रा रोडने आलेली माणसे

आता अन्सारी आणि मोमीन यांच्याकडे वळू. माझे स्वतःचे घराणे यांतलेच. आमचे मूळ गाव मऊ. मऊ, मुबारकपूर, आझमगड, बनारस, अलाहाबाद या पट्ट्यात मुस्लिम विणकरांची दाट वस्ती होती. १८१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी संपली आणि पुढच्या काही दशकांत लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड बाजारात येऊन पडू लागले. विणकराच्या कापडाला गिऱ्हाईक उरले नाही. त्यात १८५७ चा उठाव झाला. अलाहाबाद-बनारस भागात इंग्रजांनी जो सूड घेतला तो इतिहासात नोंदलेला आहे. उपासमार आणि भीती या दोन्हींनी मिळून विणकरांना घराबाहेर काढले.

ते निघाले ते बहुतेक पायी आणि बैलगाडीने. मुंबई-अलाहाबाद हा सलग लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला, त्याआधी दक्षिणेकडे यायचे तर आग्रा रोड हाच मोठा रस्ता. या रस्त्यावर इंदूर लागते, धुळे लागते, मालेगाव लागते आणि मुंबईच्या अलीकडे भिवंडी. पाहुण्यांनी विश्रांतीला थांबावे तशी ही माणसे या गावांत थांबली आणि तेथलीच झाली. कापूस जवळ, मुंबईच्या गिरण्यांचे सूत जवळ आणि गिऱ्हाईकही जवळ. मालेगावच्या मोमीन विणकरांनी तर मराठी शेतकरी बायकांसाठी रंगीत लुगडी विणली. स्वतःच्या घरातील बायकांनी जे वस्त्र कधी नेसले नव्हते, त्याचे काठ आणि लांबी त्यांनी येथे येऊन शिकून घेतली. खानदेश-वऱ्हाडच्या बाजारात कितीतरी मराठमोळ्या बायका हे लुगडे अंगाला लावून पाहत असतील, तेव्हा ते पूर्वी बोली बोलणाऱ्या एका मुस्लिम कुटुंबाने विणले आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. काही जण पुढे मुंबईला जाऊन मदनपुऱ्यात राहिले आणि गिरण्यांच्या विणखात्यात लागले.

या लोकांना उत्तरेत ‘जुलाहा’ म्हणत. हा शब्द धंद्याचा होता, पण तो शिवीसारखा वापरला जाई. स्वतःला ‘अश्रफ’ म्हणवणारे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. इस्लाममध्ये जात नाही हे आपण अभिमानाने सांगतो. व्यवहारात मात्र ती होती आणि आजही आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच या समाजाने ‘मोमीन’ आणि ‘अन्सारी’ ही नावे आग्रहाने धारण केली. आसिम बिहारी यांनी मोमीन चळवळ उभी केली, १९२८ मध्ये कोलकात्यात मोमीन कॉन्फरन्सचे अधिवेशन भरले. या चळवळीने विणकराला सांगितले, की तुझा धंदा हलका नाही, तू मान वर करून चाल. माझ्या हजेरीपटात ओळीने येणाऱ्या ‘अन्सारी’ या आडनावामागे स्वाभिमानाचा असा मोठा इतिहास आहे. परिस्थिती माणसाला घडवते हे खरे, पण माणूसही स्वस्थ बसत नाही. स्वतःचे नाव बदलून तो परिस्थितीला उत्तर देतो.

घर म्हणजेच कारखाना

हातमागाचे घर डोळ्यांसमोर आणा. खोलीतच जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला. पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा. पण कापड एकटा माणूस विणत नाही. सुताच्या लडी सोडवणे, कांड्या भरणे हे बायकांचे आणि मुलींचे काम. गल्लीत ताणा लांबवून त्याला खळ लावणे हे म्हाताऱ्यांचे आणि मुलांचे. सात-आठ वर्षांचा मुलगा तुटलेला धागा सांधायला बापाशेजारी बसायचा आणि तेथेच विणकाम शिकायचा. घरातील एकही हात रिकामा राहिला तर माग थांबायचा.

अशा घरात शाळेचा अर्थ वेगळा होतो. कोकणी घरातील मुलगा शाळेत गेला तर घराचे काही अडत नव्हते. विणकराच्या घरातील मुलगा शाळेत गेला तर त्या दिवशी कापड कमी निघत होते. आणि कापड कमी निघाले तर उपवास. कारण सूत देणारा व्यापारी तोच आणि कापड घेणाराही तोच. सुताचा भाव तो ठरवणार, कापडाचाही तोच ठरवणार. लग्नासाठी, आजारपणासाठी उचल घेतली की ती फिटेपर्यंत दुसऱ्याकडे जाता येत नसे. अशा बापाने मुलाला मागावर बसवले म्हणून त्याला अडाणी म्हणणे मला पटत नाही. त्याच्या दृष्टीने ते शिक्षणच होते. त्याच्याजवळ ना जमीन होती, ना पैसा. मुलाला देण्यासारखी एकच इस्टेट त्याच्याकडे होती, ती म्हणजे हातातील कसब. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पूर्ण विणकर झाला की बाप म्हणायचा, आता हा स्वतःच्या पायावर उभा राहिला.

याचे परिणाम घराच्या इतर रीतींवरही झाले. लग्ने लवकर आणि बिरादरीतच, कारण सून आली की कांड्या भरणारे दोन हात वाढतात आणि ते हात शिकलेले हवेत. एकत्र कुटुंब, कारण माग एक आणि हात अनेक. घराला घर लागून, मोहल्ला दाट, कारण ताणा गल्लीतच लावायचा. बाहेरून पाहणाऱ्याला ही ‘मुस्लिम संस्कृती’ वाटते. माझ्या मते ती बऱ्याच अंशी हातमागाची संस्कृती आहे.

याचा पुरावा भिवंडीतच आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची येथे मोठी वस्ती आहे. ते हिंदू आहेत, तेलुगू बोलतात, मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानतात. पण त्यांच्या जुन्या माणसांशी बोला. घरातच माग, बायकांनी कांड्या भरणे, मुलाने लहानपणीच कामाला लागणे, जातीतच सोयरीक, सावकाराची उचल, ही सगळी हकीकत शब्द बदलून तीच ऐकायला मिळते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण माग एकच.

खडखडाट आणि बारा तासांची पाळी

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत यंत्रमाग बसवला. १९३० च्या दशकात भिवंडी आणि मालेगावातही वीज आणि यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग विकत घेऊन येथे छोटे कारखाने उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. तो गिरण्यांना पुन्हा उभे राहू न देताच विरून गेला. गिरण्यांचे काम भिवंडीकडे वळले. ज्या संपाने गिरणगावातील लाखो कुटुंबे उद्ध्वस्त केली, त्याच संपानंतर भिवंडीत गल्लोगल्ली लूम वाढले. एकाच्या चुलीतील विस्तव असा दुसऱ्याच्या चुलीत गेला, आणि दोन्हीकडे कामगारच होता.

यंत्रमाग आला तेव्हा अनेकांना वाटले, आता विणकराचे दिवस पालटले. काहींचे पालटलेही, दोन लूमचे चार, चारचे बारा झाले आणि मजूर शेठ झाला. पण बहुतेकांच्या बाबतीत वेगळेच घडले. माग घरातून उठून कारखान्यात गेला. विणकर मालक राहिला नाही, बारा तासांच्या पाळीवर चार-सहा लूम सांभाळणारा आणि मीटरवर मजुरी घेणारा कामगार झाला. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. कामगारांची संख्या कायद्याच्या मर्यादेखाली राहावी म्हणून एकच कारखाना कागदावर अनेक मालकांत वाटलेला. त्यामुळे ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची रजा.

सर्वात मोठा बदल कोणाच्या लक्षात आला नाही, तो असा. हातमाग ही बापाकडून मुलाला मिळणारी इस्टेट होती. लूम चालवणे ही इस्टेट नव्हे, ती केवळ मजुरी आहे. काही महिन्यांत कोणीही ती शिकतो, आणि म्हणूनच तिचा भाव वाढत नाही. तरीही तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘कामाला लावणे’ ही रीत तशीच चालू राहिली. ज्या कारणासाठी ती सुरू झाली होती ते कारण संपले, रीत मात्र संपली नाही. लाल शाईची रेघ मुलांच्या नावांवर आठवी-नववीतच का पडते, याचे उत्तर मला येथे सापडले.

आणि मुली? येथे इतिहासाने अनपेक्षित वळण घेतले. माग घराबाहेर गेला तसे बायकांचे काम कमी झाले. कांड्या भरायला यंत्र आले. काही घरांत नगावर कांडी भरण्याचे, धागे कापण्याचे काम उरले, त्याची मजुरी अगदीच तुटपुंजी. मोठ्या बायकांच्या दृष्टीने हे नुकसानच झाले, कारण घरच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा गेला. पण लहान मुलींचे हात रिकामे झाले. कारखान्यात तर मुलीला पाठवायचे नाही. मग घरी बसवून काय करायचे? जवळच उर्दू शाळा आहे, जाऊ दे. अशा ‘जाऊ दे’मधून मुली शाळेत आल्या आणि टिकल्या. आज माझ्या दहावीच्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त असतात, निकालही त्यांचाच चांगला लागतो. जी पडद्याची रीत मुलींच्या शिक्षणाच्या आड येते असे आपण मानतो, तिच्याच आडोशाने येथे मुली शिकल्या! अर्थात शाळा लांब असेल, कॉलेज गावाबाहेर असेल, तर हीच रीत पाय मागे ओढते, हेही मी पाहिले आहे.

भाषेच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. उर्दू ना कोकणी घराची बोली, ना मऊच्या विणकराची. एकाची कोकणी-मराठी, दुसऱ्याची पूर्वी. दोघांनीही मुलांसाठी उर्दू शाळा निवडली, कारण उर्दू ही इज्जतीची आणि इल्मची भाषा मानली गेली. हा सांस्कृतिक निर्णय होता, त्याने शाळा उभ्या राहिल्या, मुशायरे रंगले, मुली शिकल्या. पण याच राज्यात नोकरी शोधताना मराठी कच्चे राहिल्याची किंमतही मुलांनी मोजली. मी स्वतः डी.एड., बी.एड.च्या काळात मराठीसाठी किती झगडले ते माझे मला ठाऊक. हा लेख मराठीत लिहिताना त्याची आठवण होते.

आकडे काय सांगतात

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. ६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली, असे त्यात म्हटले होते. याचा बराच गवगवा झाला. पण एक आकडा फारसा कोणी सांगत नाही. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९ टक्के. म्हणजे येथील मुस्लिम अक्षरओळखीत मागे नव्हता, थोडा पुढेच होता! धर्मच शिक्षणाच्या आड येत असता तर हे कसे झाले असते? अडचण पहिलीच्या दारात नसून आठवी-नववीच्या दारात आहे. मुलगा वाचायला शिकतो, आणि कमावण्याजोगा झाला की निघून जातो.

कायदाही या बाबतीत पुरेसा कडक नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्याने कुटुंबाच्या स्वतःच्या धंद्याला सूट दिली होती. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी घातली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. ‘घरचा धंदा’ कोठे संपतो आणि मजुरी कोठे सुरू होते, हे विणकरांच्या वस्तीत कोण ठरवणार?

याशिवाय दंगलींची भीती होतीच. ७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल झाली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. १९८४ मध्ये पुन्हा आग लागली. जळालेला लूम नुसते यंत्र नसते, त्यावर काढलेले कर्जही असते. अशा प्रत्येक वेळी काही मुलांची शाळा कायमची सुटली. पण १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. सुताचा व्यापारी, मागाचा मालक, सायझिंगवाला, हमाल यांत दोन्ही धर्मांची माणसे होती. एकमेकांवाचून पोट भरत नाही हे त्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत होते. समित्यांनी त्या व्यवहाराला बोलायला जागा दिली.

शेवटी एका मुलाविषयी

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला आरिफ म्हणू या. गणितात हुशार. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. मी त्याच्या घरी गेले. दहा बाय बाराची खोली, रातपाळी करून आलेला बाप कोपऱ्यात झोपलेला. आई म्हणाली, “मॅडम, इसके अब्बा भी इसी उम्र में लगे थे.” त्या वाक्यात तक्रार नव्हती. मुलगा वेळेवर मार्गी लागला याचे समाधान होते.

बाप उठला तेव्हा मी त्याला शिक्षणाचे महत्त्व सांगितले नाही. ते तो माझ्याहून जास्त जाणत होता. मी एवढेच विचारले, “भाई, पाच साल पहले इस गली में कितने लूम थे, और आज कितने हैं?” तो गप्प राहिला. २०१६ च्या नोटबंदीत रोख मजुरी थांबली, २०१७ मध्ये जीएसटी आला, २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले. भिवंडीच्या कितीतरी कारखान्यांतील माग भंगारात वजनावर विकले गेले आणि त्यांच्या जागी गोदामे उभी राहिली. हे सगळे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. ज्या धंद्यावर तो मुलाला बसवत होता, तो धंदाच त्याच्या हातून सुटत चालला होता.

आरिफ शाळेत परत आला नाही. घरावर कर्ज होते, लहान भावंडे होती. माझ्या बोलण्याने ते फिटणार नव्हते. पण पुढच्या वर्षी बाप स्वतः माझ्याकडे आला आणि १७ नंबरचा फॉर्म कसा भरतात ते विचारून गेला. आरिफने दिवसा गोदामात काम करून बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि पास झाला. पुढे काय करायचे हे अजून ठरायचे आहे. त्याची धाकटी बहीण सध्या माझ्याच वर्गात आहे.

या घटनेतून मी एक गोष्ट शिकले. आपण पालकांना ‘जाहिल’ म्हणतो, जलशांतून त्यांना उपदेश करतो. पण ज्याने परिस्थितीचा हिशेब करून एक निर्णय घेतला आहे, त्याला उपदेश नको असतो. बदललेला हिशेब समजावून सांगणारा माणूस हवा असतो. हातमागाच्या काळात मुलाला मागावर बसवणारा बाप चुकला नव्हता. आज तेच करणारा चुकतो आहे, कारण त्याच्या आजोबांचा माग आता राहिलेला नाही. कोकणी घरांची जमीन गेली तेव्हा त्यांना दुसरी वाट दिसली, ती त्यांचे रक्त वेगळे होते म्हणून नव्हे. आधीच्या पिढीने नकळत ती तयार करून ठेवली होती म्हणून. विणकरांच्या घरात ती वाट आता जाणीवपूर्वक तयार करावी लागेल. रात्रशाळा, शाळेजवळ अभ्यासिका, नववीच्या मुलासाठी थोडी शिष्यवृत्ती, मुलींसाठी जवळ कॉलेज आणि उर्दू शाळेत पक्के मराठी, एवढ्या साध्या गोष्टींनीही पुष्कळ होईल. जकात आणि सदका यांचा काही भाग या कामी लावण्याचा विचार जमातींनी आपल्या उलेमांना विचारून अवश्य करावा.

येत्या जूनमध्ये मी पुन्हा हजेरीपट लिहीन. अन्सारी, मोमीन, फकीह, शेख. मार्चमध्ये लाल शाई किती लागते ते पाहू. ती कमी लागली तर या लेखातील इतिहास जुना झाला असे समजेन, आणि मला त्याचा आनंदच होईल.